उजवीकडे ओढणारी गाडी

फरजानीची गाडी तिसऱ्यांदा तक्रार घेऊन गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा माझं डोकंच सणकलं. सफाक्सहून गाबेसला आठ प्रवासी नेणारी त्याची ही लुआज, म्हणजे सीटमागे भाडं घेणारी टॅक्सी. तिचे पुढचे शॉकअॅब्सॉर्बर आणि चाकांना धरून ठेवणारे खालचे आर्म मीच बदलले होते, चाकांचं अलाइनमेंटही मीच केलं होतं. माझ्या हातची गाडी परत आली की मला कुणी तोंडावर शिवी दिल्यासारखं वाटतं.

"अम्मार, अजून उजवीकडे ओढते रे," तो खिडकीतूनच म्हणाला.

"गाडी ओढते की गाबेसची सासुरवाडी ओढते, सी फरजानी?"

वयाने मोठा, म्हणून मी त्याला मानाने 'सी' म्हणायचो. तो नुसता हसला.

पहिल्या खेपेला दोष आर्मच्या बोल्टांत निघाला. गाडी जॅकवर अधांतरी असताना ते आवळले गेले होते. ते गाडी चाकांवर उभी करून, तिचं वजन पडल्यावरच आवळायचे असतात, नाहीतर आतलं रबर पीळ धरून बसतं. दुसऱ्या खेपेला एक टायर तिरका झिजलेला सापडला, तो बदलला. दोन्ही वेळा फरजानीने मला इतक्या दुवा दिल्या, की मीच संकोचलो.

आता पुन्हा सगळं मोजलं. चाकांचे कोन बरोबर, हवा बरोबर, ब्रेक कुठे घासत नव्हता. मग त्याला शेजारी बसवून मी गाडी जैतुनाच्या बागांमधल्या सरळ रस्त्यावर काढली. स्टिअरिंग नुसतं बोटांनी धरलं. गाडी नाकासमोर चालली.

"आता तुम्ही चालवा."

तो चालवायला बसला. थोडं अंतर गेलो आणि गाडी हळूच उजवीकडच्या मातीकडे सरकायला लागली.

"बघ, ओढते की नाही?"

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हणालो आणि हसत त्याच्याकडे वळलो.

हसू तसंच राहिलं. त्याचा डावा हात स्टिअरिंगवर नुसता ठेवलेला होता, धरलेला नव्हता. सगळा जोर उजव्याचा, म्हणून गाडी उजवीकडे. एवढ्यात तो डावा हात घसरून मांडीवर पडला, आणि त्याने घाईघाईने उजव्या हाताने उचलून परत वर ठेवला.

"थांबवा गाडी."

त्याने थांबवली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तू आर्म बदललेस ना, त्याच्या थोडं आधी. सकाळी उठलो तर हात जड." तो समोर बघत म्हणाला. "तू दर वेळी गाडीत काहीतरी शोधून काढायचास, अम्मार. त्या रात्री मला झोप लागायची."

इतके दिवस मी माझ्या नावाला जपत होतो, आणि हा माणूस माझ्याकडे खोटा का होईना, पण एखादा दोष मागायला येत होता. परवाना गेला तर त्याच्याकडे दुसरं काय होतं? पण पाठीमागच्या सीटवर रोज माणसं बसत होती.

"अजून एखादा बोल्ट बघ ना," तो हळूच म्हणाला. "एखादा राहिला असेल."

"गाडीत काही नाही, सी फरजानी."

त्याने मान हलवली. मी उतरलो, वळसा घालून त्याच्या बाजूचं दार उघडलं. तो सरकून शेजारच्या सीटवर गेला. मी गाडी इस्पितळाकडे वळवली. गाडी सरळ चालत होती. तो रस्त्याकडे बघत नव्हता, माझ्या दोन हातांकडे बघत होता.