अळवातला लाल गळ्याचा पाहुणा

मी एक जुनी दुर्बीण आहे, आणि मित्रांनो, काचेवर दोन चरे असले तरी नजर अजून पक्की आहे बरं का! माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, देव जाणे. उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या दुकानदाराने "साईं, एकदम इम्पोर्टेड!" म्हणत मला विष्णुपंतांना विकलं. ते अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. त्यांनी माझ्यातून क्रिकेटची एकच मॅच पाहिली आणि मला माळ्यावर टाकलं. फार अपमान वाटायचा हो!

शेवटी त्यांच्या सुनेने, कुमुदिनीने, मला खाली काढलं, पदराने पुसलं आणि बेलवलीच्या घराच्या मागच्या दारातून ती पाखरं बघू लागली. मला तर स्वर्ग दोन बोटं उरला!

एक्क्याण्णव सालची धुळवड होऊन गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या रखमाबाई हातात टोपली घेऊन आल्या.

"कुमुद, तुमच्या अळवात एक चिमणी फिरतेय गं. मेल्या पोरांनी तिच्या गळ्यावर रंग उडवलाय! पकडते आणि रिठ्याच्या पाण्याने धुऊन काढते. नाहीतर मरेल बिचारी."

मोरीचं पाणी जिथे जातं, तिथे आमचं अळू माजलेलं होतं. रखमाबाईंनी टोपली काठीवर तिरकी उभी केली, काठीला सुतळी बांधली, खाली तांदूळ टाकले आणि सुतळी धरून बसल्या.

कुमुदिनीने मला डोळ्यांना लावलं. अळवाखाली तपकिरी पाखरू, पांढरी भुवई, आणि गळा माणकासारखा लाल! मी तर आनंदाने थरथरले.

"रखमाबाई, ही चिमणी नाही! चिमणी तांदूळ सोडेल का? हे किडे टिपतंय. पुस्तकात चित्र आहे याचं, रुबीथ्रोट. हिवाळ्यात आसाम-बंगालकडे राहणारं पाखरू, इकडे कसं आलं कुणास ठाऊक! धुवायला घेतलंत तर धसक्यानेच मरेल हो."

"पुस्तकाला काय कळतंय? रंग मला दिसतोय ना!"

एका किड्यामागे पाखरू टोपलीखाली शिरलं. रखमाबाईंनी ओढायच्या बेताने सुतळी ताणली.

"एकदा यातून बघा, मग हवं ते करा," कुमुदिनी रडकुंडीला आली.

रखमाबाईंनी सुतळी सोडून मला घेतलं, तेही उलटं! "अगं बाई, हे तर कर्जतला पोचलं!" कुमुदिनीने हसत मला सुलटं केलं. तेवढ्यात पाखरू टोपलीखालून निघून मोरीच्या पाण्यात उतरलं आणि पंख फडफडवून मनसोक्त न्हालं. पाण्यात रंगाचा थेंब उतरला नाही. गळा उलट जास्तच झळकू लागला.

"अगो बाई! हा रंग नाही गं, हे जन्माचंच लेणं!" रखमाबाईंनी टोपली लाथेने उडवली. मग बाहेर जाऊन साऱ्या आळीला दम भरला, "पिचकारी घेऊन इकडे फिरकलात तर याद राखा!"

पाखरू अळवात बसून बारीक आवाजात गाऊ लागलं. दोघी पायरीवर बसून ऐकत होत्या. रखमाबाईंचे डोळे मात्र भरून आले होते.

मित्रांनो, कुणाची दया आली तर जरूर धावा, पण हात लावण्याआधी त्याला नीट बघून घ्या. त्या सकाळी त्या पाखराच्या जिवावर उठली होती ती रखमाबाईंची मायाच.