उंच डोक्याची शर्यत

गेलं वर्षभर सुकुमारन मेनन स्वतःच्याच ओसरीवर रस्त्याकडे पाठ करून काळा चहा पीत होता. कारण रस्त्यापलीकडे, बरोब्बर त्याच्या फाटकासमोर, एक भलामोठा फ्लेक्स लागला होता. फ्लेक्सवर अनिरुद्धन नावाचा हत्ती डोकं उंच करून उभा, आणि त्याच्या सोंडेशेजारी हात जोडून हसणारा दामोदरन. दामोदरन म्हणजे सुकुमारनच्या बायकोचा सख्खा भाऊ. फ्लेक्स लावायला पुळिक्करेत दुसरी जागाच मिळाली नाही, असं तो शपथेवर सांगतो. आमच्या गावात त्यावर कुणीही विश्वास ठेवत नाही.

पूरमच्या, म्हणजे देवीच्या वार्षिक उत्सवाच्या, सकाळी देवळापुढच्या मैदानात पूर्ववाडीचा हत्ती आणि पश्चिमवाडीचा हत्ती शेजारी शेजारी उभे करतात. पंचांच्या मते ज्याचं डोकं जास्त उंच राहील त्याच्या पाठीवर देवीची मूर्ती चढते. दुसरा हत्ती मागून चालतो आणि त्याची वाडी वर्षभर टोमणे खाते. गेल्या वर्षी पूर्ववाडी हरली. पूर्ववाडीच्या उत्सव समितीचा अध्यक्ष सुकुमारन, पश्चिमवाडीचा दामोदरन.

तेव्हापासून सुकुमारनच्या मनातला मत्सर जेवणाच्या ताटापर्यंत आला होता. ओणमला मेव्हण्याच्या घरून जेवून आल्यावर तो म्हणाला, "पायसम करपलं होतं."

"करपलेलं मागून मागून घेतलंत, चेट्टा?" त्याच्या बायकोने, थंकमणीने, विचारलं.

"तुझ्या भावाला वाईट वाटू नये म्हणून घेतलं!"

थंकमणी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती, नुकतीच निवृत्त झालेली. जखम आणि नवऱ्याचं खोटं, दोन्ही तिला लगेच ओळखू यायची. ती हसून गप्प बसली.

पण या वर्षी तिला गप्प बसवेना. सुकुमारनने वर्गणी गोळा करून कोल्लमकडून मार्तांडन नावाचा हत्ती आणला. ट्रकमधून उतरताना त्या जनावराने पुढचा उजवा पाय जमिनीला नुसता लावला आणि पुन्हा उचलला. गर्दीने जयजयकार केला. थंकमणीने मात्र तो पाय पाहिला.

"त्याचा पाय दुखतोय. उत्सवामागून उत्सव, तापलेल्या डांबरावरून चालवलाय त्याला. आधी विश्रांती द्या."

"हाच हत्ती तुझ्या भावाने आणला असता तर त्याचा पाय दुखला असता का?"

"माझ्या भावाने आणो की तुम्ही आणा, पाय हत्तीचाच आहे ना!"

"बघ, लगेच भावाची बाजू!"

तिची पंचाईत हीच होती. दामोदरनची बहीण असल्यामुळे तिने काहीही म्हटलं तरी ते पश्चिमवाडीचं बोलणं ठरायचं. तरी ती म्हणालीच, "जंगलातला हत्ती डोकं असं वर धरून उभा राहतो का हो कधी? त्याचा चारा खाली, पाणी खाली, पिल्लू खाली. वर बघून त्याला करायचंय काय? आपल्या दोन वाड्यांच्या भांडणात तो कशाला?"

सुकुमारनने मार्तांडनच्या माहुताला, वेलायुधनला, नारळीच्या बागेत गाठलं आणि सांगितलं, "सराव कसा करून घेतोस ते मी विचारणार नाही. मला डोकं वर पाहिजे. दामोदरनच्या हत्तीपेक्षा वर!"

वेलायुधनने मान डोलावली. त्यानंतर सुकुमारन रोज संध्याकाळी बागेच्या कडेला उभा राहून मार्तांडनचं डोकं वर जाताना बघायचा आणि डोळे पुसायचा. काय ऐट, काय रुबाब! त्याला वाटायचं, हा हत्ती आपल्या वाडीचा अपमान समजून घेऊन उभा आहे.

पूरमच्या आदल्या दुपारी मात्र त्याला चैन पडेना. अनिरुद्धनची तयारी कशी आहे ते बघायला तो छत्री घेऊन एकटाच पश्चिमवाडीच्या ओढ्यावर गेला आणि केळीच्या पानांआड लपला. साठी ओलांडलेला माणूस, समितीचा अध्यक्ष, केळीत उकिडवा बसलेला! मत्सर माणसाला कुठे कुठे बसवतो ते बघा.

अनिरुद्धनची अंघोळ चालली होती. माहूत हनुवटीखाली पाणी मारत होता आणि तिथून काळं तेल ओघळत होतं. तेल गेलं तशी खाली लालसर कातडी दिसली, आणि कातडीत खिळ्याने पाडावीत तशी भोकं. काही सुकलेली, काही ताजी.

सुकुमारनला काय वाटलं असेल? दया? छे! त्याला आनंद झाला! तो चिखलातून धावतच घरी आला.

"सापडला! तुझा भाऊ सापडला! हत्तीच्या हनुवटीला टोचून टोचून डोकं वर करायला लावतो, आणि वर काळं तेल फासून झाकतो. आत्ता पंचांकडे जातो. अनिरुद्धन शर्यतीतून बाद! उद्या दामोदरनचं तोंड बघण्यासारखं होईल."

थंकमणी पापड तळत होती. तिने गॅस बंद केला.

"जा. पण जायच्या आधी एक सांगा. मार्तांडनची हनुवटी बघितलीत?"

"माझा हत्ती तसला नाही. तो मुळातच अभिमानी आहे."

"मग बघायला काय हरकत आहे? चला, मीही येते."

बागेत मार्तांडन साखळीत उभा होता. डोकं खाली, कान सुस्त. सुकुमारन जवळ गेला आणि बंद छत्रीने लांबूनच त्याच्या हनुवटीकडे दाखवत म्हणाला, "वेलायुधा, इथे खाली काही..."

छत्रीचं टोक वर होताच मार्तांडनचं डोकं झटकन वर गेलं. रोज संध्याकाळी जायचं तसंच, अगदी तितकंच उंच. दुखरा पाय थरथरत होता. डोळ्यांतून पाण्याची धार लागली होती. छत्री हत्तीला लागली नव्हती, लागणारही नव्हती!

सुकुमारनने घाईघाईने छत्री खाली केली. डोकं हळूहळू खाली आलं.

"हे काय, वेलायुधा?" त्याने विचारलं.

"काठीला खिळा असतो, साहेब. आता खिळ्याची गरज नाही. नुसती काठी दाखवली तरी पुरते," वेलायुधन म्हणाला. "तुम्ही म्हणाला होतात, कसं ते विचारणार नाही."

ज्याला तो रुबाब समजून डोळे पुसत होता, ती भीती होती! आणि ही भीती त्याने स्वतः वर्गणी काढून आणवली होती. तो नारळाच्या बुंध्याला टेकून खाली बसला.

तिथूनच तो म्हणाला, "याला उद्या उभा करायचा नाही. पण मग दामोदरन जिंकेल गं! पंचांना सांगतोच, त्याचाही हत्ती..."

"सांगा ना. पण आधी स्वतःचं सांगा, मग त्याचं," थंकमणी म्हणाली. "नाहीतर लोक म्हणतील, हत्तीची कळकळ कसली, हा मेव्हण्यावर जळतो. आणि ते खोटं असेल का, चेट्टा?"

सुकुमारन संध्याकाळीच दामोदरनकडे गेला. दोघांनीही आपले हत्ती मागे घेऊ, असं त्याने हात धरून सांगितलं. दामोदरन पोट धरून हसला. "घाबरलास का अळिया? मेव्हणा आहेस म्हणून सांगतो, मागून चालायलाही मजा येते. गेल्या वर्षी तू चाललास की!"

दुसऱ्या दिवशी मैदान भरलं. चेंडे, म्हणजे आमचे ढोल, वाजायचे थांबले, आणि सुकुमारनने मंचावर चढून माइक हातात घेतला.

"मंडळी, मार्तांडन येणार नाही. त्याच्या हनुवटीखाली जखमा आहेत. त्या माझ्यामुळे झाल्या. मला माझ्या मेव्हण्याला हरवायचं होतं. हत्तीला कुणालाच हरवायचं नव्हतं. पश्चिमवाडीचा हत्तीही असाच टोचलेला आहे, मी डोळ्यांनी पाहिलंय. आज डोक्याकडे बघू नका, काठीकडे बघा!"

एकच गलका उडाला. "मेव्हण्याला घाबरला!" "बायकोला विचारून आलात का?" पूर्ववाडीचे लोक सर्वांत जास्त ओरडत होते. कुणीतरी केळ्याची साल फेकली, ती त्याने नेसलेल्या पांढऱ्या मुंडूवर पडली. तो खाली उतरला नाही.

"डोकं उचलव रे! बघू दे सगळ्यांना!" दामोदरन आपल्या माहुतावर ओरडला.

माहुताने काठी हनुवटीपाशी नेली. इतकी वर्षं आम्ही सगळे हत्तीच्या डोक्याकडे बघत आलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदाच सगळ्यांची नजर काठीवर गेली. काठी हलली, आणि अनिरुद्धनचं डोकं दचकून वर गेलं. एकही टाळी वाजली नाही.

"अरे, काठी खाली घे!" बायकांच्या रांगेतून आवाज आला. मग दुसरा, मग पूर्ण रांगेचा. "काठी खाली! काठी खाली!" पश्चिमवाडीच्याच बायका होत्या त्या.

दामोदरनचा चेहरा उतरला. हा चेहरा बघायला सुकुमारन वर्षभर तळमळला होता, आणि खरं सांगायचं तर त्याला थोडं बरं वाटलंच. पण लगेच त्याला स्वतःचीच लाज वाटली. दामोदरनने एकदा गर्दीकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे, आणि माहुताला हलक्या आवाजात म्हणाला, "घे खाली."

अनिरुद्धनचं डोकं खाली आलं. सोंड जमिनीला टेकली, आणि त्याने खुशाल माती उचलून अंगावर उडवली.

आता मूर्ती न्यायची कुणी? पुजाऱ्यांनी देवळातली जुनी पालखी काढली आणि दोन्ही वाड्यांकडे खांदे मागितले. पुढच्या दोन दांड्यांना कोण लागलं असेल? सुकुमारन आणि दामोदरन! आपली बाजू उंच दिसावी म्हणून दोघेही टाचा वर करून चालू लागले. देवी कधी पूर्वेला कलायची, कधी पश्चिमेला. शेवटी पुजारी ओरडले, "अहो, सरळ धरा! देवी पडेल!"

फेरी संपली तेव्हा दोघांच्या खांद्यांची सालटी निघाली होती. थंकमणी मलम लावायला बसली.

"माझा जास्त सोललाय," दामोदरन म्हणाला.

"दाखव, दाखव," सुकुमारन म्हणाला.

वाचकहो, मत्सर माणसाच्या मनातून कायमचा जातो, असं निदान आम्ही पुळिक्करेचे लोक तरी म्हणणार नाही. पण ज्याचा मत्सर आहे त्याने तो स्वतःच्या खांद्यावर वाहावा. तिथे साल निघाली तर आठवड्यात भरून येते, आणि थोडी अक्कलही येते. आपल्या शर्यतींसाठी, खेळांसाठी, करमणुकीसाठी मुक्या जनावराला उन्हात उभं करायचा हक्क आपल्याला कुणी दिला? हत्ती कुठे डोकं वर करतो, कुठे गुडघे टेकतो, कुठे चेंडू मारतो. तुमच्या गावात तो काय करत असेल, मला माहीत नाही. एवढंच सांगतो, टाळी वाजवायच्या आधी काठी कुठे आहे ते बघा!