कुंभेतला ढग

महिपतने झेंडूखालची काच उचलली आणि उजेडासमोर धरली. काच लख्ख होती. आरपार. तिच्यातून अंगणातली पोफळ दिसत होती.

खंडेनवमीचा दिवस. कमळेने ओटीवर पाट मांडून कोयता, विळी, अडकित्ता यांना गंधफूल वाहिलं होतं, आणि यंदा प्रथमच नवऱ्याच्या दुर्बिणीलाही. शेजारी काळी लाकडी पेटी उघडी पडली होती.

"ही कोणी काढली?"

"मीच. केवढी बुरशी धरली होती हो! पिवळट साय नुसती. रिठ्याच्या पाण्याने घासली तेव्हा कुठे सुटली. मग उन्हात ठेवली."

ती साय म्हणजेच फोटोचा मसाला होता. पाऊस उघडला तसा महिपत नवरात्राच्या पहिल्या रात्रींत, चंद्र मावळला की, त्या एकाच काचेवर कुंभ राशीतला तेजोमेघ, ताऱ्यांमधला उजळ ढग, टिपत होता. इतका फिकट की नुसत्या डोळ्यांना दिसायचाच नाही. काच दुर्बिणीवरच्या कॅमेऱ्यात बसवायची आणि दुर्बिणीला डोळा लावून, हाताने चाक फिरवत, जवळचा तारा जागचा हलू द्यायचा नाही. मान अवघडून जाई. मग चांदणं वाढलं, म्हणून काच पेटीत बंद केली. कृष्णपक्षात तिच्यावर आणखी उजेड घ्यायचा आणि मगच ती रसायनात धुवायची, तेव्हा कुठे चित्र उमटणार होतं.

बंदरावर कारकुनी करून म्हातारा झालेल्या या माणसाने ग्रंथालयात एकदाच धीर करून हे सांगितलं होतं. तेव्हा गंगाराम वकील चारचौघांत म्हणाला होता, "आमचे महिपतराव परसात बसून ढगांचे फोटो काढतात!" त्याच्या पुढ्यात ही काच ठेवायची होती.

"अक्कल कुठे गेली होती तुझी?" महिपत ओरडला. त्याने पाट असा ढकलला की अडकित्ता पायरीवरून खाली गेला. "बुरशी नव्हे, माझ्या ढगाचा फोटो होता तो! हात लावू नकोस म्हणून बजावलं होतं ना?"

कमळा उठून उभी राहिली. "हात लावू नको, दिवा लावू नको, दार उघडू नको! का, ते कधी सांगितलंत? देवीच्या नंदादीपापुढे सूप आडवं धरलं मी, तुमच्या काळोखासाठी! बायको आहे की भिंत?"

 महिपत आणखीच भडकला आणि जेवला नाही. 

दसऱ्याला गंगाराम सोनं द्यायला आला. आपट्याची पानं हातात ठेवतानाच म्हणाला, "काय महिपतराव, सापडला का ढग?"

महिपतची मान खाली गेली. कमळाच दारातून म्हणाली, "सापडला होता. मी बुरशी समजून घासून काढला."

गंगाराम पोट धरून हसू लागला. "वा वहिनी! आभाळच धुतलंत की! आता ग्रंथालयात ही गोष्ट—"

"गंगाराम!"

महिपतचा आवाज त्याला स्वतःलाच ओळखू आला नाही. हातातली पानं चुरगळली होती. "मला हसायचं तेवढं हस. तिला हसलास तर ही ओटी पुन्हा चढू नकोस."

गंगारामने वहाणा पायांत सरकवल्या आणि निघून गेला.

 कमळेकडे न बघताच महिपत खेकसला, "कृष्णपक्षात माझ्या शेजारी बसायचं. सगळं दाखवतो. पुन्हा म्हणू नकोस, सांगितलं नाही."

"बसेन," ती तितक्याच रागाने म्हणाली. "पण आधी तो अडकित्ता उचला."