दुसरा हात कुठं हाय?

मी गोटी सोड्याची बाटली बोलतेय. थांबा हो, लगेच अंगठा दाबू नका! मी भित्री आहे, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही.

शिवाजी पेठेत आकाराम मालकांच्या सोड्याच्या दुकानात आले, तेव्हा पहिल्याच दिवशी मला लोखंडी पिंजऱ्यात घालून गरगर फिरवलं आणि पोटात गॅस कोंबला. शेजारची बाटली फाटकन फुटली. मी वाचले. पण खरी भीती मला पुढं माणसांनी घातली.

इथं तहान लागली म्हणून मला कोणी पीत नसे. जेवण जड झालं, पोट फुगलं, की "आकाराम, एक गोटी फोड!" दणदणीत ढेकर आला की गिऱ्हाईक खूश, मीही खूश. एकदा पेठेतले केरबा पैलवान आले. घामाघूम, एक हात छातीवर. "गॅस धरलाय रं," म्हणाले. मला रिकामं केलं, ढेकर दिला, "मोकळं वाटलं" म्हणत घरी गेले. संध्याकाळी त्यांची तिरडी दुकानावरूनच गेली.

"सकाळी तर सोडा पिऊन गेलतं की!" लोक हळहळले. माझ्यावर विसंबले म्हणूनच गेले, असं मला वाटत राहिलं. त्यानंतर कोणाचा हात छातीकडे गेला की मला केरबा पैलवानच आठवायचे.

एकोणऐंशी साली मालकीणबाईंचा, म्हणजे विठाबाईंचा, धाकटा भाऊ जोतीराम अमेरिकेतून सुट्टीला आला.

"आक्का, तिकडं असली गार पेयं जेवताना पाण्यासारखी पित्यात. घराघरात खोकी भरून असत्यात."

"आन् पोटात दुखलं की?"

"डाक्टरकडं जात्यात. सोड्याला तिकडं कोण औषध म्हणत न्हाय."

"मग पित्यात कशाला? खुळी हायत व्हय?" मालक पोट धरून हसले.

जोतीराम परत गेला. थोड्याच दिवसांनी मालक दुकान उघडता उघडता मटकन खाली बसले. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. आणि हात? अगं बाई गं, छातीवरच!

"अगं, गॅस झालाय. सोडा फोड."

विठाबाईंनी नेमकं मलाच उचललं. अंगठा गोटीवर आला. मी जीव खाऊन गोटी वर धरून ठेवली. माझ्या हातात दुसरं होतं तरी काय? त्यांनी दाबलं, पुन्हा दाबलं. गोटी हलेना. अंगठा चोळत त्यांनी नवऱ्याकडं नीट पाहिलं.

"जोतीराम काय म्हणालता..." त्या पुटपुटल्या. मला फळीवर आदळलं आणि रस्त्यात धावल्या. "रिक्षा थांबवा रं! दवाखान्यात न्यायचं हाय!"

मालक वाचले. जरा उशीर झाला असता तर हाती लागले नसते, असं डॉक्टर म्हणाले. पुढं विठाबाई येईल त्याला आधी विचारायच्या, "हात कुठं हाय? पोटावर का छातीवर?" लोक चेष्टा करायचे. त्या विचारायच्या थांबल्या नाहीत.

आता दोघंही थकून गडमुडशिंगीला लेकीकडं राहतात. दुकान दुसऱ्यानं घेतलंय. तो कोणाला काही विचारत नाही. आणि माझ्या गळ्यातलं रबर झिजलंय. जरा दाबलं की गोटी खाली पडते. कितीही जीव खाल्ला तरी आता मला ती धरून ठेवता येत नाही.

म्हणून पावणं, पाया पडते तुमच्या. एक हात माझ्या गोटीवर आहे, दिसतोय मला.

दुसरा कुठं हाय?