उलट्या छत्रीचा फाटा

मी एक जुनी सिमेंटची छत्री आहे. मूर्तिजापूरहून बार्शीटाकळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक फाटा आहे. तिथे एकाच पायावर मी कित्येक वर्षे उभी आहे. तुमच्या घरची छत्री ऊन-पाऊस सरला की मिटते. मला मिटणे ठाऊक नाही. एसटीची वाट पाहणारी माणसे माझ्याखाली येतात, बसतात आणि बस आली की निघून जातात. ती जे बोलतात तेवढेच माझे बाहेरचे जग.

मित्रांनो, माझ्या आकाराविषयी आधीच सांगितलेले बरे. घरच्या छत्रीच्या कडा खाली झुकतात. माझ्या चारही कडा वर उचललेल्या आहेत आणि मधला भाग खोल आहे. वादळाने छत्री उलटावी, तशी मी दिसते. म्हणून या जागेचे नावच 'उलट्या छत्रीचा फाटा' पडले. कंडक्टर दोरी ओढून हेच नाव पुकारतो. त्यात कुचेष्टा नसते. पण एका माणसाला ते नाव इतकी वर्षे टोचत राहिले, आणि माझी कहाणी खरे तर त्या माणसाची आहे.

देशाला स्वातंत्र्य मिळून वीसेक वर्षे झाली होती. नव्या देशाला नव्या आकाराची घाई होती. कुठे पाण्याच्या टाक्या उभ्या राहत होत्या, कुठे बाजाराची सभागृहे. कोण्या तरुण वास्तुरचनाकाराने माझा नकाशा काढला आणि तो फाट्यालगतच्या गावातल्या वाहेद मिस्त्रीच्या हाती आला. वाहेद तेव्हा पंचविशीचा होता. त्याने सागाच्या सरळ फळ्या एकीला एक जोडत, दर फळी किंचित तिरपी करत माझा साचा बांधला. एकही फळी वाकवली नव्हती, तरी सगळ्या मिळून वळत गेल्या. ओळी सरळ असूनही कविता वळते, तशा. त्या फळ्यांच्या रेषा आजही माझ्या पोटावर उमटलेल्या आहेत. माझ्या पायाच्या आतून त्याने वरपासून खालपर्यंत एक नळ सोडला. आभाळातून पडलेले पाणी मी ओंजळीत घ्यावे आणि पायाशी, गुरांच्या हौदाकडे सोडावे, अशी ती योजना होती.

चैत्रात माझे काम संपले. बाहेरगावचे मजूर आपापल्या गावी गेले आणि वाहेद रेल्वेच्या बांधकामावर बडनेऱ्याला गेला. त्याच उन्हाळ्यात त्याचा जिवलग मित्र पुंजाजी याचे वडील, जानराव, वारले. वाहेदच्या डोक्यावरचे बापाचे छत्र लहानपणीच गेले होते; जानरावांनी त्याला आपल्या ताटाशेजारी बसवून वाढवले होते. वडिलांच्या आठवणीसाठी पुंजाजीने माझ्या पायाभोवती दगडाचा एक गोल ओटा बांधला. वाट पाहणाऱ्याला बसायला जागा व्हावी, एवढाच त्याचा हेतू. ओट्यात वडिलांच्या नावाचा दगड बसवला. आणि त्या दगडामागे, कोणाच्याही लक्षात न येता, माझ्या नळाचे तोंड बुजून गेले.

मग पावसाळा आला. मी ओंजळ भरून घेतली, पण रिकामी करता येईना. पाणी कडांवरून ओसंडून खाली बसलेल्यांच्या डोक्यावर पडू लागले. माणसे भिजली, हसली. पुंजाजी सर्वांत मोठ्याने हसला आणि म्हणाला, "आमच्या वाहेदनं नकाशाच उलटा धरला वाटते!"

मित्राने मित्राची केलेली थट्टा होती ती. पण काही थट्टांना पाय फुटतात. ही थट्टा बाजारात गेली, लग्नाच्या पंगतीत बसली, एसटीतून तालुक्याला पोहोचली. नकाशा उलटा धरणाऱ्याच्या हातून घराचा स्लॅब कोण टाकून घेणार? वाहेद सणाला गावी परतला तेव्हा तो 'उलटा मिस्त्री' झालेला होता. पुढे त्याच्या वाट्याला आल्या त्या गुरांच्या गव्हाणी, न्हाणीचे ओटे, विहिरींचे कठडे.

तो परतला त्या संध्याकाळी माझ्याजवळ आला होता. ओटा पाहताच त्याला सारे उमगले. तो माझा मिस्त्री होता. त्याने जानरावांच्या नावावर तळवा ठेवला. हा दगड काढा, असे म्हणायला त्याची जीभ धजली नाही. त्यानंतर तो माझ्या सावलीत कधी बसला नाही. रस्त्याच्या पलीकडे एक बाभूळ आहे, तिच्या तुटपुंज्या सावलीत तो बसची वाट पाही.

आणि ओट्यावर बसून पुंजाजी रोज ओरडे, "अबे उलट्या, ये ना इकडं! तुह्याच हातची सावली हाये."

"तुहीच सावली तुले मुबारक," वाहेद म्हणे आणि तंबाखूची डबी रस्त्यावरून त्याच्याकडे भिरकावी. दोघे असे म्हातारे झाले.

मित्रांनो, मग वऱ्हाडावर शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची ती वाईट वर्षे आली. आमच्या रस्त्यावरून मोठ्या शहरांच्या गाड्या धावू लागल्या. गाडीतून माणसे उतरत, कोण गेले ते विचारत, दुःखी घराचे चित्र घेत आणि धूळ उडवत परत जात. प्रश्न विचारणारा दिसला की लोक मान फिरवू लागले.

अशात एका रविवारी सकाळी फाट्यावर एक बस थांबली. तिच्यातून कॅमेरे आणि वह्या घेतलेली माणसे उतरली. तानुबाईची चहाची टपरी माझ्या शेजारीच आहे; तिने तिथूनच हात हलवला.

"ओ मॅडम, इथं कोणी गेलं नाई. पुढं जा. आन तिथलेबी लोकं आता सांगू सांगू थकले."

"आम्ही त्यासाठी नाही आलो, मावशी," सर्वांत पुढे असलेली बाई म्हणाली. "आम्ही अमरावतीहून ही छत्री पाहायला आलो."

"कोणती? हे?" तानुबाईच्या हातातली गाळणी तशीच राहिली. "अवो पुंजाजी भाऊ, पाहा तरी! अमरावतीहून लोकं आपली उलटी छत्री पाहाले आले. ऊन लागलं काय यायले सकायीच?"

"पाहू दे ना," पुंजाजी ओट्यावरून म्हणाला. "नकाशा उलटा धरल्यावर काय होते ते शिकतीन."

सर्वांत पुढे असलेल्या त्या बाई म्हणजे ज्योत्स्नाताई. अमरावतीच्या एका महाविद्यालयात त्या वास्तुकला शिकवत. बडनेऱ्याच्या विहाराच्या सभागृहात त्या महिन्यातून एकदा सर्वांसाठी व्याख्यान देत. विषय एकच: स्वातंत्र्यानंतर आपल्या भागात उभ्या राहिलेल्या आधुनिक इमारती. रेल्वेतले कर्मचारी, शिक्षक, शिवणकाम करणाऱ्या बाया, कोणीही यावे. व्याख्यान झाले की सगळ्यांना घेऊन त्या ती इमारतच दाखवायला नेत. ज्या वर्षांत सगळे जग आमच्याकडे कोसळलेले पाहायला येत होते, त्या वर्षांत ही बाई उभे असलेले पाहायला आली होती. माझ्या पोटातल्या लोखंडालाही जरा ऊब आली, हे मी लपवत नाही.

त्यांनी लोकांना माझ्या पोटावरच्या फळ्यांच्या रेषा दाखवल्या.

"प्लास्टर कावून नाई केलं मंग?" तानुबाईने विचारले. "सिमिट सरलं का?"

"सरलं नाही, मावशी. ज्यानं बांधलं त्याच्या कामाची खूण झाकायची नाही, असा त्या काळचा विचार होता. कोणत्या वस्तूनं उभं आहे, कसं उभं आहे, ते उघड दिसलं पाहिजे."

मग त्यांनी पुंजाजीच्या खांद्यावरचा दुपट्टा मागून घेतला. चौघांना चार कोपरे उंच धरायला लावले आणि मधोमध बोटाने दाबले. "आता यावर पाणी ओतलं तर कुठं जाईल?"

"मधी," सगळे म्हणाले.

"ही छत्री तशीच आहे. ती उलटी नाही. तिला असंच करायचं होतं. पाणी मध्ये गोळा व्हावं आणि खांबातून खाली यावं."

"मस्त सांगता तुमी," पुंजाजी हसला. "पण पाणी येते तं आमच्या डोक्शावर! खांबातून आजलोक एक थेंब नाई आला. मंग जाते कुठं?"

ज्योत्स्नाताई खांबाजवळ गेल्या. त्यांनी खांबाला हात लावला, वाकून पाहिले. ओटा दिसला, पाण्याची वाट दिसली नाही. "ही बांधली कोणी?" त्यांनी विचारले.

गावच्या सगळ्यांच्या माना रस्त्यापलीकडच्या बाभळीकडे वळल्या. ज्योत्स्नाताई रस्ता ओलांडून गेल्या. वाहेद उठून उभा राहिला.

"चाचा, खांबात नळ टाकला होता का?"

"टाकला होता."

"मग त्याचं तोंड कुठं काढलं?"

मित्रांनो, एवढ्या एका प्रश्नाची वाट त्या माणसाने सारी उमर पाहिली होती. बोट उचलून दाखवले असते, तर त्याच्या नावावरचा डाग त्याच क्षणी पुसला गेला असता. तो माझ्याकडे पाहत होता. मग त्याची नजर माझ्या पायाशी आली, ओट्यावर, त्या दगडावर. तिथे पुंजाजी पाय हलवत बसला होता.

"आठवत नाई," वाहेद म्हणाला.

सहलीतली माणसे चुळबुळली. एकदोघांनी वह्या मिटल्या. पण पुंजाजीचे पाय हलायचे थांबले.

"काय म्हणलं बे तू?" तो तिथूनच ओरडला. "तुले आठवत नाई? माह्या लग्नात वरण खारट झालतं, ते तुले आठोते! कोणत्या गाडीले कोणता बैल होता, ते आठोते! आन हे आठवत नाई?"

वाहेदने मान खाली घातली.

"इकडं पाह्य. माह्याकडं पाह्य, वाहेद."

वाहेदने पाहिले, पण नजर पुन्हा त्या दगडाकडे गेली. पुंजाजीला त्या नजरेत काय दिसले, ते मला खांबावरून सांगता येणार नाही. पुंजाजी हळूहळू आपण बसलो होतो त्या जागेकडे वळला. वडिलांच्या नावावरून त्याने बोट फिरवले, आणि मग तो ओट्यावरून उठला. जळते काही अंगाखाली असावे, तसा उठला.

"तानुबाई, सब्बल हाये का टपरीत?"

"अबे नको!" वाहेद रस्ता ओलांडून धावत आला. त्या म्हाताऱ्या पायांना धावणे कितीसे जमणार. "राहू दे, पुंजा. बाप हाये तो तुहा."

"तुहाबी होता ना? मंग त्यायच्याच नावाखाली तुह्यं नाव गाडून ठेवलं मी, आन तू एका सबदानं बोलला नाई? मी रोज बसून राहिलो ना त्याच्यावर!"

 पुंजाजीने तानुबाईकडून सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेतली. आधी दगडाला हात जोडले, मग त्याच्या कडेच्या सांध्यात सब्बलेचे टोक घातले. पहिला घाव त्याने घातला. पुढे दगड हातात येईपर्यंत दोघांनी मिळून जोर लावला.

मागे अंधारात, मातीने गच्च भरलेले, माझ्या नळाचे तोंड होते. वाहेदने सळई घालून ते मोकळे केले. चिखल निघाला, काळी पाने निघाली. बडनेऱ्याचा रेल्वे कर्मचारी धम्मदीप बसच्या मागच्या शिडीने टपावर चढला आणि तिथून माझ्यावर आला. त्याने वरची खोबण हातांनी साफ केली. तानुबाईने पाण्याचा ड्रम दाखवताना तोंड वाकडे केले, "दिवसभराचं पाणी हाये बाबा ते," पण बादल्या भरून वर देऊ लागली तीच.

पहिल्या बादलीला काही झाले नाही. पुंजाजी गुडघे टेकून नळाच्या तोंडाशी बसला होता. दुसऱ्या बादलीनंतर माझ्या अंगातून काही सरकत गेले, आणि काळे, घाण पाणी भस्सकन त्याच्या तोंडावर उडाले. सगळे हसले. पाणी वाहत राहिले, निवळत गेले आणि कधीच वापरात न आलेल्या हौदाकडे निघाले.

पुंजाजीने तोंड पुसले नाही. तो मोठ्याने, फाट्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "नकाशा सुलटाच होता. उलटा मी होतो."

ज्योत्स्नाताईंनी आपल्या माणसांना जवळ बोलावले आणि त्या दिवशीच्या व्याख्यानाचे शेवटचे वाक्य सांगितले, "ही छत्री वाहेद मिस्त्रींनी बांधली." कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण ज्यांनी वह्या मिटल्या होत्या त्यांनी त्या उघडल्या आणि नाव लिहून घेतले.

वाहेद माझ्याखाली उभा होता. त्याने मान वर करून फळ्यांच्या रेषा पाहिल्या. पुंजाजी वडिलांचा दगड छातीशी धरून त्याच्याजवळ आला.

"वाहेद, आता बापाले कुठं बसवू?"

"त्यायले म्हण, जरा सरकून बसा," वाहेद म्हणाला. "मी उद्या थापी घेऊन येतो."

तो आला. त्याने ओटा नव्याने बांधला, पाण्याला वाट ठेवून, आणि जानरावांचा दगड त्या वाटेच्या कडेला, हौदाकडे तोंड करून बसवला.

मित्रांनो, तुमच्याही गावात माझ्यासारखे काही असेल. एखादी चमत्कारिक टाकी, ओबडधोबड दिसणारी शाळा, रंग न दिलेली भिंत. तिला हसू आले तर जरूर हसा. हसण्याने सिमेंटला तडा जात नाही. पण हसून झाले की बांधणाऱ्याला शोधा आणि, तो बोलता आहे तोवर, अमुक असे का केले ते विचारा. तो टाळू लागला, तर आपण कशावर बसलो आहोत तेही एकदा पाहा.

आणि एक मागणे माझे स्वतःचे. शेजारच्या कडुनिंबाची पाने दर शिमग्याला माझ्या ओंजळीत साचतात. वाहेदचे गुडघे आता चढू देत नाहीत. मृग लागायच्या आत कोणी तरी वर येऊन तेवढी पाने काढून टाका. शिडी तानुबाईच्या टपरीमागे ठेवलेली आहे.