दिलशादाच्या उजव्या डोळ्यातली मी

मित्रांनो, आपल्या करंगळीचं नख पाहा. त्यावर सहज मावेन एवढीशी माझी काया. फिकट निळी, कडक, वाटीसारखी खोलगट आणि आता काठाशी ओरखडे पडलेली एक जुनी लेन्स, ती मी. साडेतीन वर्षं मी एका डोळ्यात काढली. चष्मा एकाचा दुसऱ्याने घालून बघितला तर नाकावर निदान टिकतो तरी. मला मात्र जगात एकच जागा होती, काश्मीरमधल्या दिलशादा नावाच्या मुलीचा उजवा डोळा.

तिच्या डोळ्याचं माप श्रीनगरला घेतलं आणि मला घडवलं दूर दक्षिणेतल्या एका कारखान्यात. गरगर फिरणाऱ्या यंत्राने मला तासलं, घासलं, चकाकी दिली. तिथला कारागीर माप वाचून थबकला होता. "अरे, हा डोळा आहे की डोंगर?" असं तो शेजाऱ्याला म्हणाल्याचं मला अजून आठवतं. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. पुढे कळला. डोळ्याच्या समोर देवाने एक पारदर्शक पडदा बसवला आहे. तो घुमटासारखा गोल असावा लागतो. दिलशादाचा तो पातळ होत होत शंकूसारखा पुढे येत चालला होता. डॉक्टर त्याला केराटोकोनस म्हणतात. अशा डोळ्याला एका दिव्याचे चार दिवे दिसतात, एका रेघेच्या तीन रेघा.

आता हे कुणाला झालं तर एखादा म्हणेल, असो, चालवून घेऊ. पण दिलशादाचं सगळं आयुष्यच रेघांवर उभं होतं. तिच्या समदचाचांच्या घरी माडीवर गालिच्याचा माग होता. आमच्याकडे गालिचा चित्र बघून विणत नाहीत, तालीम ऐकून विणतात. तालीम म्हणजे कागदाची लांब पट्टी. तिच्यावर बारीक खुणा असतात. कुठल्या रंगाच्या किती गाठी, ते त्या खुणा सांगतात. एकजण त्या वाचून गात सुटतो, बाकीचे ऐकून गाठी मारतात आणि ओळ संपली की "झाली!" म्हणून ओरडतात. गाण्याचं ते काम दिलशादाचं होतं. "दोन बादामी, एक डाळिंबी, चार जंगाली..." जंगाली म्हणजे हिरवट रंग. तिचा आवाज असा, की खालून जाणारा माणूस पाऊल आवरून दोन ओळी ऐकून मगच पुढे जाई.

मी येण्याच्या आधी काय घडलं ते तिच्या आईने डॉक्टरांना सांगितलं, तेच मी ऐकलं. दिलशादाने एका खुणेच्या दोन वाचल्या होत्या. अकरा ओळी विणून झाल्यावर फाताआपाने, म्हणजे शेजारी बसून विणणाऱ्या बाईने, पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अगं दिलशादा, हे फूल आहे की फुटलेलं अंडं?"

अकरा ओळी उसवल्या. दिलशादाने घरी खरं काय ते सांगितलं, मागावर मात्र म्हणाली, "लोकरीचा कण गेला डोळ्यात."

मी डोळ्यात बसले तो दिवस मला विसरता येणार नाही. तिने आधी मला खूप शिव्या घातल्या, कारण मी खुपत होते. डोळ्यातून धारा लागल्या. मग हळूहळू मी तिच्या आसवांवर तरंगत स्थिर झाले. तिने पिशवीतून तालमीचा एक तुकडा काढला. बघत राहिली. एक खूण एकच होती.

"अम्मा," ती म्हणाली, "एकच आहे गं."

तिथून मी कामाला लागले. सकाळी डबीतून बाहेर, दिवस मावळताना डबीत. थंडीच्या कडाक्यात डबीतलं पाणी गोठू नये म्हणून ती मला फेरनच्या, म्हणजे लांब लोकरी झग्याच्या आत, छातीशी बांधून झोपायची. साडेतीन वर्षांत तीन मोठे गालिचे माझ्यातून वाचले गेले. लोक म्हणत, "काय पोर आहे! एक गाठ चुकत नाही." ते कौतुक तिच्या वाट्याचं. माझं नाव घ्यायला माझ्याविषयी कुणाला माहीतच नव्हतं. दिलशादाने मला चोरून ठेवलं होतं. तिला भीती वाटायची, की कळलं तर लोक म्हणतील, हिचे डोळे जाणार. मग तालीम दुसऱ्या कुणाच्या हातात जाईल.

ही भीती फार चळवळी, मित्रांनो. ती दिलशादाला एका जागी बसू द्यायची नाही. ओळ संपली, विणणाऱ्यांचे हात गाठी दाबायचा पंजा आपटत असले, की ही एक डोळा झाकून खिडकीतून दर्ग्याच्या शिखराकडे बघायची. टोक एक की दोन? मग दुसरा डोळा झाकायची. पुन्हा पहिला. सकाळी एक दिसलं तर दुपारी खात्री करायची, दुपारी जरा फाटलं तर संध्याकाळपर्यंत घास गिळायचा नाही. दिवसातून वीस वेळा ही परीक्षा. परीक्षक तीच, नापास होणारीही तीच. आणि या सगळ्यात तिचे हात डोळ्यांकडे जायचे. लोकरीची धूळ, कांगरीतल्या निखाऱ्यांचा धूर, डोळे खाजायचे. ही बोटांची पेरं वळवून कराकरा चोळायची. मी आत असताना! प्रत्येक चोळण्याला मी तिच्या त्या पातळ शंकूवर घासली जायची. मला ओरडता येत असतं तर मी ओरडले असते.

आठवड्यात एकच घटका अशी, की तिचे हात मांडीवर स्वस्थ असत. शुक्रवारी दर्ग्यात वाज व्हायची. वाज म्हणजे प्रवचन, पण आमच्याकडचे मौलवी ते नुसतं सांगत नाहीत, गातात. सांगता सांगता गळा उंच चढतो, बायकांच्या बाजूने हुंदके येतात, सगळी माणसं एका सुरात ओळ उचलतात. दिलशादा डोळे मिटून डोलायची. मिटलेल्या डोळ्याला टोक एक की दोन, याची काय पडली आहे? तिच्या ऊन आसवांत मी सुखाने तरंगायची. देवाच्या नावाचा सूर कानांनी आत शिरतो आणि डोळ्यांनी बाहेर वाहतो, हे मी त्या वाटेवरच बसून पाहिलं आहे.

मग तो मे महिना आला. त्या दिवसांत आमच्याकडे पॉपलरच्या झाडांचा कापूस उडतो. खिडक्या लावल्या तरी फटीतून आत येतो. दिलशादाचे डोळे लाल झाले होते. मागावर सहा हातांचा मोठा गालिचा होता. ओळीच्या मधेच तिने उजवा डोळा असा चोळला, की मी सरकले, काठावर लोंबकळले आणि पडले. कुठे, ते मलाही कळलं नाही. सगळीकडे लोकरच लोकर.

ती गप्प बसली असती तर बरं होतं. पण तिने म्हणणं थांबवलं नाही. डाव्या डोळ्यालाही आता धूसर दिसू लागलं होतं, ते तिने आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. नक्षीचा अर्धा भाग झाला होता, तो आठवून आठवून ती अंदाजाने गाऊ लागली. "पाच बादामी... दोन डाळिंबी... बादामी पाच..."

"आज बादामांचा पाऊस आहे वाटतं," फाताआपा पुटपुटली.

अडीच ओळी झाल्या. समदचाचांचे हात थांबले. त्यांनी गाठींवरून बोटं फिरवली.

"दिलशादा, ही वेल कुठे निघाली आहे? बारामुल्ल्याला?"

कुणी हसलं नाही, कारण दिलशादा रडत होती. "चाचा, मला दिसत नाहीये."

"म्हणजे? कापूस गेला?"

"नाही. खरंच दिसत नाहीये. डोळ्यात लेन्स असते माझ्या. ती पडली. साडेतीन वर्षं आहे. मी अंदाजाने म्हटलं. अडीच ओळी."

"या अल्ला! आणि मी आपली आंधळ्यासारखी..." फाताआपा बोलून गेली आणि तिने तोंडावर हात ठेवला. समदचाचा घाईने उठू लागले.

"कुणी हलू नका," दिलशादा म्हणाली. "पायाखाली येईल."

मग जे झालं ते बघायला हवं होतं तुम्ही. बासष्ट वर्षांचे समदचाचा गुडघ्यांवर रांगत होते. आपला चष्मा कपाळावर चढवून तोच चष्मा शोधत होते. "माझाही गेला काय?" फाताआपा जागच्या जागी पुतळा होऊन बसली होती आणि मी सापडले ती तिच्याच बाहीला चिकटलेली.

"हे? एवढंसं? मला वाटलं माशाचं खवलं!"

दिलशादाने मला तळहातावर घेतलं, पण ती बघत होती चाचांकडे. "आता तालीम दुसऱ्या कुणाला द्याल ना?"

"देईन की," चाचा म्हणाले. "आजच देईन. फाता वाचेल."

"मी?" फाताआपा किंचाळली. "माझा आवाज ऐकून मेंढ्या पळतात!"

"पळू देत. लोकर तर आधीच कापून आणली आहे." मग ते दिलशादाकडे वळले. त्यांचा आवाज खाली आला. "चुकलेल्या गाठी उसवायला मी बसलोय, पोरी. जन्म त्यातच गेला. तुझा डोळा बिघडला तर तो उसवून पुन्हा कोण विणेल? मला येत असतं तर तुला सांगितलं नसतं. उद्या श्रीनगरला चल."

डॉक्टरबाईंनी मला भिंगाखाली धरलं आणि मान हलवली. मग दिलशादाला विचारलं, "डोळे चोळतेस?"

"नाही."

"खरं सांग."

"खाजतात तेव्हा."

"कधी खाजतात?"

"उठल्यापासून."

चाचांनी कपाळावर हात मारून घेतला.

तपासणीत कळलं, की उजवा शंकू आणखी वर आला होता. मी त्यावर बसत नव्हते, टेकत होते. टोकाला लहानशी जखम झाली होती. ती माझ्याकडून झाली, मित्रांनो. जिला दाखवण्यासाठी मी जन्मले, तिलाच मी दुखवत होते. डाव्या डोळ्यात थेंब घालून त्यावर जांभळट प्रकाश सोडायचा, म्हणजे तिथला पडदा घट्ट होतो, असं बाईंनी सांगितलं.

"मग नीट दिसेल?" दिलशादाने विचारलं.

"जे गेलं ते परत येणार नाही. पण जे पळत सुटलं आहे ते थांबेल."

"मी आंधळी होणार का?"

हा प्रश्न साडेतीन वर्षं तिच्या जिभेवर होता. आज पहिल्यांदा बाहेर पडला.

"सगळा अंधार होण्याचा हा आजार नाही," बाई म्हणाल्या. "पण लपवशील तेवढं नुकसान होईल. भीती वाटली तर शिखर मोजत बसू नकोस, मला फोन कर."

तो उपचार झाला आणि दोन महिने दिलशादा चाचांच्या घरी खालच्या खोलीत राहिली. वरून फाताआपाची तालीम ऐकू यायची. "ही तालीम आहे की भाजीवालीशी भांडण?" असं चाचा दर ओळीला विचारायचे. दिलशादा हसायची, मग कूस बदलायची, मग हात डोळ्याकडे न्यायची, मग आठवून तोच हात उशीखाली दाबायची. धीर काही एका दिवसात येत नाही. मी शेजारच्या फडताळात डबीत होते, म्हणून हे सगळं मला माहीत आहे.

मग तिच्यासाठी नवी लेन्स आली. माझ्याहून दुप्पट मोठी, शंकूला न टेकता वरून कमान टाकणारी. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण तिला दुखवून तिच्या डोळ्यात बसण्यापेक्षा हे बरं.

ज्या दिवशी ती माडीवर परतली, त्या दिवशी फाताआपाने जागा सोडली आणि मोठ्याने "शुक्र आहे!" म्हटलं. दिलशादा गाऊ लागली. "दोन बादामी, एक डाळिंबी..." चौथ्या ओळीवर आवाज अडला. मी तिच्या फेरनच्या खिशात, डबीत श्वास धरून बसले होते. आता काय करील? आठवून म्हणेल?

"थांबा," ती म्हणाली. "ही खूण मला नीट दिसत नाही. फाताआपा, जरा बघ बरं."

फाताआपा वाकली. "तीन जंगाली."

"तीन जंगाली," दिलशादाने सुरात घेतलं, आणि हात चालू लागले.

मित्रांनो, एवढ्यासाठीच मी ही कहाणी सांगितली. डोळे खाजले तर चोळू नका. गार पाण्याची पट्टी ठेवा, डॉक्टरांकडे जा. एका दिव्याचे दोन दिसू लागले तर मनात ठेवून झुरू नका, घरच्यांना सांगा. आणि तुमच्या वर्गात कुणी पुस्तक नाकाला लावून वाचत असेल, फळ्याकडे डोळे बारीक करून बघत असेल, तर हसू नका. शेजारी जाऊन बसा, आणि त्याने विचारलं तर ओळ वाचून दाखवा.