बिनमिठाचा पाव

घड्याळजींनी जन्मभर वेळेशिवाय कशावर विश्वास ठेवला नव्हता, आणि पावाने त्यांना नेमकं तिथेच पकडलं. पीठ चाळीस मिनिटं फुगू द्यायचं असं बायकोने सांगितलं, की हे समोर घड्याळ मांडून बसत आणि चाळिसाव्या मिनिटाला वरचं फडकं उचलत. थंडीत तेवढ्या वेळात पीठ जेमतेम डोळे उघडतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

बायको आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली. महिनाभर तिला अन्न जात नव्हतं. पोटात काही गेलं तरच औषधाचा उपयोग, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिने मागून मागून एकच गोष्ट मागितली: घरचा पाव. तीस वर्षं ती तो स्वतः भाजत आली होती आणि कृती कधी कागदावर उतरवली नव्हती. घड्याळजींनी दुकानाला कुलूप घातलं आणि बाह्या सरसावल्या.

पहिल्या पावाने भिंतीत खिळा ठोकता आला असता. दुसरा वरून करपला आणि आत कच्चा राहिला. तिसरा टम्म फुगला आणि भट्टीबाहेर येताच मधोमध खचला. दर वेळी ते ताटली घेऊन नापास पोरासारखे पलंगाशी उभे राहत. ती पाव उलटा करून बुडावर बोटाने वाजवायची, मग तुकडा तोंडात टाकून निकाल द्यायची.

"पाणी कमी पडलं."

"मोजून घातलं होतं गं."

"मोजता कशाला? पीठ हाताला चिकटायला हवं, पण हात सोडवताही यायला हवा. आणि मीठ थेट यीस्टवर ओतलंत ना? मेलं ते बिचारं."

असं बोलता बोलता ती आणखी दोन घास खायची. नवऱ्याच्या चुका काढताना तिला भूक लागायची. घड्याळजी मान खाली घालून ऐकत आणि मनातून सुखावत.

सातव्या खेपेला त्यांनी घड्याळ पालथं घातलं. पिठात बोट दाबलं आणि खळगा हळूहळू भरून येईपर्यंत थांबले. पाव खरपूस, सोनेरी निघाला. तिने वाजवून पाहिला.

"जमलं तुम्हाला," ती म्हणाली. "आता मला विचारायला नको."

अर्धा तुकडा खाऊन ती भिंतीकडे वळली. पुढचे दोन पावही झकास झाले. तिने नुसती मान हलवली आणि ताटली तशीच परत आली. आपण शिकलो हेच चुकलं, असं घड्याळजींना वाटू लागलं.

ज्या माणसाने कधी एक ढिला स्क्रू गिऱ्हाइकाच्या हातात दिला नाही, त्याने दहाव्या पावात मुद्दाम मीठ घातलं नाही. मिठाच्या बाबतीत तिने कुणाची भीड बाळगली नव्हती. चिमूटभर मीठ कमी पडलं म्हणून सख्ख्या बहिणीला तिने जेवणाच्या टेबलावर रडवलं होतं. आता आपली खरडपट्टी निघणार, म्हणून त्यांनी 'विसरलो, वय झालं' हे उत्तरही तयार ठेवलं.

तिने तुकडा सावकाश चावला आणि गिळला.

"छान झालाय," ती म्हणाली. "अगदी माझ्या हातचा."

"मीठ?"

"बरोबर आहे की."

त्यांनी तिचा चेहरा निरखून पाहिला. थट्टा नव्हती, दयाही नव्हती. तिच्या जिभेची चवच गेली होती. कधी गेली, कोण जाणे. ज्याच्यामुळे आपली छाती फुगली त्या सातव्या पावाची चव तरी तिला कळली होती का, हेही आता कळायला मार्ग नव्हता.

उरलेला पाव त्यांनी ओट्याशी उभं राहून खाल्ला, शेवटच्या तुकड्यापर्यंत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा पीठ मळलं. मीठ नीट मोजून घातलं, यीस्टपासून लांब. पाव उत्तम झाला. ते ताटली घेऊन पलंगाशी बराच वेळ उभे राहिले, पण तिने घासासाठी तोंड उघडलं नाही.